जिचं काही अडत नाही

"या दोन्ही एकाच बाईसाठी नाहीत ना?" व्हिन्सेंट अंकलनी गोळ्यांची दोन पाकिटं काउंटरवर शेजारीशेजारी ठेवली आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. तो चष्मा मीच त्यांना काढून दिलेला. माणिकपूरला त्यांच्या औषधाच्या दुकानाला लागूनच चष्म्याचं दुकान आहे, तिथे मी डोळे तपासते, त्यामुळे ते असे वरून पाहायला लागले की नंबर चुकला की काय अशी शंका मला आधी येते. "विचारलं एवढ्यासाठी," ते आवाज उतरवून म्हणाले, "की ही पाळी पुढे ढकलायची आणि ही पाळी आणायची. दोन्ही एकीनेच घेतल्या तर शरीराने ऐकायचं कुणाचं?" माझ्या मागे दोघंतिघं उभे होते. ढकलायची वहिनीला, असं मी सांगून टाकलं. दुसरी कुणाला ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. त्यांनी दोन्ही पाकिटं वर्तमानपत्रात गुंडाळली, वर काळी पिशवी चढवली आणि चोरीचा माल द्यावा तशी माझ्या हातात दिली. त्यांची पायरी उतरून आमची चढेपर्यंत मला दरदरून घाम फुटला. इतके दिवस जे माझ्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत दार लावून ठेवलं होतं ते एकाच पिशवीत येऊन बसलं होतं, आणि पिशवी माझ्या हातात होती.

सकाळी मी दुकानात पोचते तोच घरून दिपिकावहिनीचा फोन आला होता. गौरी दोन आठवड्यांवर आल्या की आमच्या जूचंद्रच्या घरात सगळ्या बायका बोटांवर हिशेब करायला लागतात. कुणाची तारीख कधी, कोण नैवेद्याला चालेल, कोण मागच्या पडवीत चटईवर बसेल. वहिनीची तारीख यंदा नेमकी गौरीच्या जेवणावर येत होती. "ताई, येताना त्या गोळ्या आणाल का? मला इथे गावात मागायला लाज वाटते. सगळे ओळखीचे." मग थोडं हसून ती म्हणाली, "तुमचं बरं आहे बाई, तुमचं काही अडतच नाही." ती टोमणा मारत नव्हती. वहिनी विरारची, मनाने मोकळी, जे दिसतं ते बोलते. आणि जे दिसत होतं ते खरंच होतं. मी एकतीस वर्षांची आहे आणि गेल्या दिवाळीपासून मला पाळी आलेली नव्हती.

माझं काही अडत नाही ही आमच्या आळीत माझी ओळख आहे. कुणी शिक्षणाने ओळखलं जातं, कुणी आवाजाने; आमच्या गावात रांगोळी सगळ्यांच्याच बोटांत, तेव्हा तिने कुणी ओळखलं जात नाही. मी ओळखली जाते ती अशी, की सत्यनारायण असो, हळदीचं घर असो, घटाला पाणी घालायचं असो, ऐन वेळी घरची सून बाजूला झाली की शेजारची धोंडूकाकी आमच्या ओट्याशी येऊन हाक मारते, "जागूला पाठव गो! ती कंदीपन चालतं." कंदीपन चालतं. कधीही चालते, रविवारी उघडं असलेलं दुकान जसं. आणि आई आतून पदराला हात पुसत बाहेर येते, तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे येतं त्याला गर्वच म्हणावं लागेल. "देवीची किरपा हाय माज्या पोरीवर," ती म्हणते. सुरुवातीला, म्हणजे कॉलेजात असताना, मलाही ते खरं वाटायचं. वर्गातल्या मुली पोटाला उशी धरून पडायच्या आणि मी मजेत फिरायचे. कधी तीन महिन्यांनी, कधी पाच महिन्यांनी, आठवण झाल्यासारखी ती यायची आणि जायची. फुकटची चैन कुणाला नको असते!

आईचा गर्व कुठून आला ते मला माहीत आहे, म्हणून तर सगळा घोटाळा. तिचं स्वतःचं सगळं अडायचं. तिच्या अंगावरून भयंकर जायचं आणि नेमकं सणालाच. लग्न होऊन आली त्या पहिल्या गौरीला ती पडवीत, दुसऱ्या गौरीला पडवीत, तिसऱ्या गौरीला तर पाट मांडून झाल्यावर उठावं लागलं. सासूने चारचौघांत म्हटलं होतं, देवी हिच्या हातचं घ्यायला तयार नाही. हे आईने मला एकदाच सांगितलं, मिठागराच्या बांधावरून चालताना, माझ्याकडे न बघता. तिच्या आवाजात रडं नव्हतं. पण नंतर माझ्या लक्षात आलं की दर वर्षी गौरीच्या दिवशी मी चुलीपुढे बसले की ती मुद्दाम दाराजवळ उभी राहते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी, आणि मोठ्याने म्हणते, "आमचे जागूचेच हातचा नवेद्य, बारा वरसं झाली." देवीने तिच्या हातचं घेतलं नाही, तिच्या लेकीच्या हातचं घेतलं. सासू कधीच गेली, पण हे ती अजून सासूलाच ऐकवत होती. आता अशा बाईला जाऊन काय सांगायचं? की तू ज्याला कृपा म्हणतेस त्याला डॉक्टर दुसरंच नाव देतात?

डॉक्टरकडे मी गेले ती पाळीसाठी नव्हेच, हनुवटीसाठी. माझं काम असं की अंधाऱ्या खोलीत माणसाच्या तोंडाशी तोंड नेऊन बसायचं. त्याच्या डोळ्यात प्रकाश टाकायचा, "आता पहिली काच बरी की दुसरी?" विचारायचं. तो माझा डोळा बघत असतो असं मला वाटत नाही, तो माझी हनुवटी बघत असतो. तिथे जाड, काळे केस यायचे, रोज सकाळी चिमट्याने उपटून गाडीवर बसायचं आणि दुपारपर्यंत बोटाला पुन्हा खुंट लागायचे. मास्क घालायची ती दोन वर्षं लोक रडत होते, मी मात्र आयुष्यात इतकी निवांत कधी नव्हते. गालावर पुटकुळ्या, त्याही तिशीत. मानेवर मागे काळपट पट्टा, जो मी कितीतरी महिने घासत होते, उटणं लावत होते, आणि आई म्हणायची घामाचा मळ आहे. भांगात टाळू दिसायला लागलेली. जिथे केस हवेत तिथून जात होते आणि जिथे नकोत तिथे येत होते, पत्ता चुकलेल्या पाहुण्यांसारखे. कंबरेभोवती असं वजन की पोटाकडे बघून लोक नको ती विचारपूस करतात. आणि हे सगळं मला वेगवेगळं वाटायचं. केसांचं एक दुखणं, मानेचं एक, वजन माझ्या आळसामुळे, आणि पाळी न येणं हे तर दुखणं नव्हेच, ते भाग्य. त्वचेच्या डॉक्टरांनी हनुवटी पाहिली, मान पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पाळी नियमित येते का?" मला राग आला होता. हनुवटीचा आणि पाळीचा काय संबंध, असं मी चक्क बोलून गेले. त्यांनी डॉक्टर जुलियानांचा पत्ता लिहून दिला.

डॉक्टर जुलियानांनी पडदा माझ्याकडे वळवून सोनोग्राफी दाखवली. राखाडी धुक्यात अंडाशयाच्या कडेने बारीक काळे ठिपके ओळीने बसलेले. मला वाटलं, कुणीतरी ठिपक्यांची रांगोळी काढायला घेतली आणि रेघा जोडायच्या आधीच उठून गेलं. त्या म्हणाल्या की याला नावात गाठी म्हणतात खऱ्या, पण या गाठी नाहीत, ही बीजंच आहेत, वाढायला निघालेली आणि अर्ध्यात थांबलेली. "बीज पिकून बाहेर पडलं तर पुढचं सगळं चक्र फिरतं. इथे ते पिकत नाही. पुरुषांमध्ये जास्त असतं ते हार्मोन बाईच्या अंगातही थोडं असतंच, तुझ्यात ते जरा जास्त बनतंय. म्हणून केस, म्हणून पुटकुळ्या. मानेचा काळेपणा मळ नाही, इन्शुलिन आहे भरपूर पण शरीर त्याला दाद देत नाही, त्याची ती खूण. घरात कुणाला साखर आहे?" वडिलांना होती. साखरेनेच गेले. मी खाली बघितलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी मोठं ओझं उतरल्यासारखं झालं. म्हणजे ही चार-पाच वेगवेगळी दुखणी नव्हती. मी आळशी नव्हते, मळकट नव्हते, अर्धी पुरुष नव्हते. एकच गोष्ट होती आणि तिला नाव होतं आणि त्या नावाच्या बायका, डॉक्टर म्हणाल्या, रोज त्यांच्या बाकावर येऊन बसतात. मुलं होतील का हे मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं की अशा कितीतरी जणींना होतात, कधी औषधाची मदत लागते एवढंच. मग त्यांचा आवाज बदलला. "पण एक गोष्ट ऐक. आतलं अस्तर तुझ्यात तयार होतंय आणि झडत नाहीये. महिनोन् महिने असं साचणं बरं नव्हे, पुढे त्यातून वाईट आजार उद्भवू शकतो. आधी ते काढायला हवं. गोळ्या देते, दहा दिवस घ्यायच्या, थांबवल्या की आठवडाभरात पाळी येईल."

ते माघात. मी म्हटलं, देवीची जत्रा होऊ दे. मग चैत्रात घरात हळद निघाली, चुलतबहिणीची, तिथे मी नसून कसं चालेल? मग श्रावण लागला. परवा गेले तेव्हा डॉक्टर जुलियाना हसल्या नाहीत. "तुमच्याकडचे सण संपायचे नाहीत, जागृती. आमच्याकडचेही संपत नाहीत. अस्तर आणखी जाड झालंय. आज सुरू कर, नाहीतर पुढच्या वेळी मला तपासणीसाठी आतला तुकडाच काढायला लागेल." आज सुरू केल्या तर पाळी यायची ती नेमकी गौरीच्या आसपास, हा हिशेब मीही बोटांवर करून ठेवला होता. घरच्या बायकांच्या हिशेबात मी पहिल्यांदाच बसत होते, आणि त्यांच्या उलट्या बाजूला.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. डबा खाल्ला आणि तपासणीच्या खोलीत जाऊन बसले. अंधारात समोर अक्षरांचा तक्ता तेवढा उजळलेला. वरचं मोठं अक्षर, मग लहान, मग आणखी लहान. लोक या खुर्चीत बसून खोटं बोलतात. दिसत नसलेलं अक्षर अंदाजाने सांगतात, जणू मी त्यांना नापास करणार आहे. मी त्यांना नेहमी म्हणते, अहो, दिसत नाही तर दिसत नाही म्हणा, त्याशिवाय मी काच कशी लावू? गोळी हातात घेऊन मी किती वेळ बसले कोण जाणे. मला पाळीची भीती नव्हती, रक्ताचीही नव्हती. आई दाराजवळ उभी आहे आणि तिच्या चेहऱ्यावरून तो गर्व उतरतोय, एवढंच दिसत होतं. बारा वर्षं तिने जे अंगावर दागिन्यासारखं घातलं ते खोटं होतं हे तिला मी सांगायचं. आणि ते न सांगता शरीरात काय साचू द्यायचं? मला स्वतःचा इतका कंटाळा आला की त्या अंधारात मी मोठ्याने म्हटलं, "पुरे झालं." आणि पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळली. चव कसलीच नव्हती.

पुढचे दिवस मजेचे गेले, आता हसू येतं. घरात एकाच वेळी दोघी गोळ्यांवर. वहिनीला वाटे तीच एक. तिला मळमळायचं, मला मळमळायचं. तिचे पाय सुजले, माझी छाती दुखायला लागली. ती भूपेशवर, म्हणजे माझ्या भावावर, खेकसायची आणि मी मांजरावर. एकदा भाजी निवडताना दोघींनाही काही कारण नसताना रडू आलं आणि एकमेकींकडे बघून हसू आलं. "या गोळ्यांनी डोकं फिरतं हो ताई," ती म्हणाली. माझ्या तोंडावर आलं होतं, पण सांगितलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की थांबवणाऱ्या आणि आणणाऱ्या या गोळ्या एकाच कुळातल्या. घेत राहिलं तर थांबवतात, सोडल्या की आणतात. माझ्या संपल्या. तिने चालू ठेवल्या. संध्याकाळी घरी आले की मी मिठागरांकडे चालायला जायचे, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, आणि भात एक मूदच घ्यायचे. आगऱ्याच्या घरात भात कमी घेणं म्हणजे भांडणाचं आमंत्रण. आई म्हणाली, "कोना संगं रुसलीस गो?" पण चालताना वारा लागायचा, मिठाच्या वाफ्यांत पावसाचं पाणी भरलेलं असायचं, आणि खूप दिवसांनी मला माझे पाय माझे वाटायचे. वजन थोडंच उतरलं. तरी सलवारीची नाडी वेगळ्या ठिकाणी बांधायला लागली तेव्हा मी न्हाणीघरात उगाच दोनदा बांधून पाहिली.

गौर आली. तेरड्याची, आईच्या लग्नातल्या शालूत. पहिल्या दिवशी भाजी-भाकरी. दुसऱ्या दिवशी तिखटाचा नैवेद्य, तेव्हा तिच्या शेजारी बसवलेल्या गणपतीपुढे आम्ही पडदा ओढतो; त्याला दिसत नाही, वास मात्र येत असणार. कोंबडीचं कालवण शिजून तयार होतं. वडे थापायला मी बसले, तळायला वहिनी, धोंडूकाकी पाटावर बसून लसूण सोलत देखरेख करत होती आणि आई दाराजवळ. ओटीपोटात काहीतरी खाली ओढल्यासारखं झालं. मी लक्ष दिलं नाही. पुन्हा झालं, कंबरेतून मांड्यांत उतरलं. तो दुखण्याचा सूर मी विसरूनच गेले होते, आणि ओळखीचाही होता. हात धुऊन न्हाणीघरात गेले. मग किती तरी वेळ बादलीच्या काठाला धरून तशीच वाकून उभी राहिले. मला आनंद झाला होता. ओक्साबोक्शी रडावं इतका आनंद, आणि तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता, तोंडात पदर कोंबावा लागला. शरीराने माझं ऐकलं होतं. गोळीने का होईना, त्याने हो म्हटलं होतं.

बाहेर आले तेव्हा कढईतलं तेल तापलं होतं. आई माझ्याकडे बघून समजली. आयांना कसं कळतं कोण जाणे. ती पटकन जवळ आली, मला कोपऱ्यात ओढलं आणि कानाशी कुजबुजली, "कोनाला बोलू नको. बस, थाप वडे. नवेद्य होव दे." जिने आयुष्यभर एक दिवस नियम मोडला नाही, पडवीत बसून पाणीसुद्धा दुसऱ्याने ओतल्याशिवाय घेतलं नाही, ती मला लपवायला सांगत होती. मला हा नियम कधीच पटला नाही. बाजूला बसवणं मला अपमानाचं वाटतं, एखाद्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गप्प राहून वडे थापलेही असते. पण आज गप्प राहिले असते तर मी पुन्हा तीच झाले असते, जिचं काही अडत नाही. पुढच्या गौरीलाही. माझं अडायला हवं होतं. ते अडलं तरच मी बरी होणार होते.

"आय, मना आली," मी म्हणाले. मोठ्याने. घरची बोली माझ्या तोंडात कितीतरी दिवसांनी आली. वहिनीचा झारा थांबला. धोंडूकाकी म्हणाली, "अगो, हिला तं कंदीच..." मी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "गेल्या दिवालीपासून आली नव्हती, काकी. त्याच्या आदी पन चार-चार महिने नाय यायची. ती किरपा नव्हती. दुखना हाय. डाक्टरनीकरं गेलती. गोल्या घेतल्या, तवा आज आली." आईकडे बघून बोलायचं ठरवलं होतं, पण बघवलं नाही. मी कढईकडे बघत होते.

मग आईचा आवाज आला, अगदी बारीक. "आनि मी मेली गावभर सांगत व्हती." तिने तोंडावर हात ठेवला. "दिवालीपासून! आनि तू एकलीच जात व्हतीस डाक्टरनीकरं?" मी मान हलवली. मला वाटलं ती रडेल, किंवा मला पडवीत जायला सांगेल. ती गुडघ्यावर हात टेकत चुलीपाशी बसली. वहिनीच्या हातून झारा घेतला. मी थापून ठेवलेला वडा, माझ्या हातचा, तेलात सोडला. तो फुगला, तिने उलटला, निथळला, आणि ताटलीत घेऊन उठून तो माझ्यापुढे धरला.

"अगो, नवेद्य दाकवला नाय आजून!" धोंडूकाकी ओरडली.

"थांबंल देवी," आई म्हणाली. "ती पन माहेराला आयली हाय. तिला कलतं." मग माझ्याकडे वळून, जणू घरात दुसरं कुणी नव्हतंच, तिने विचारलं, "कंबर दुखतं का गो, बाय माजे?"

"दुखते," मी म्हणाले.

"मंग खा. आनि पुढल्या खेपेला डाक्टरनीकरं मी येन संगं."

वडा हाताला चटके देत होता. मी तोडला, आतून वाफ आली. गौरीच्या आधी मी खाल्लं, आणि तो संपेपर्यंत आई ताटली धरून माझ्यापुढे उभी राहिली.